गिनी पिग वाळत चाललाय, कारण मात्र दिसत नाही

गिनी पिगच्या अंगावर केस इतके दाट असतात की शंभर ग्रॅम वजन उतरलं तरी नजरेला पत्ता लागत नाही. मग एक दिवस उचलून घेताना हाताला पाठीचा कणा टोचतो, बरगड्या लागतात आणि घरात सगळे म्हणतात, ‘हा एकाएकी कसा वाळला?’ एकाएकी कोणी वाळत नाही. दोन-तीन आठवड्यांपासून वजन घटत असतं आणि तो मात्र नेहमीसारखा शिट्या मारत पिंजऱ्याच्या जाळीशी धावत येत असतो. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या गवताळ उतारांवर शिकारी पशुपक्ष्यांचं भक्ष्य म्हणून जगलेली ही जात. दुखणं उघड केलं की पहिला बळी आपलाच, हे तिच्या रक्तात भिनलेलं. त्यामुळे आपल्याला दिसायला लागलेला आजार बहुधा जुना झालेला असतो.

अमरावती किंवा अकोल्यात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, कुत्रा पाळणं जमत नसलेल्या घरांत मुलांच्या हट्टापायी गिनी पिग येतो. विकणारा सांगतो, ‘काही टेन्शन नाही, काहीही खातो.’ वजन घटण्याच्या पुष्कळ कहाण्या या सल्ल्यापासूनच सुरू होतात. त्यात आपल्याकडचा उन्हाळा, पाणी, चारा आणि जनावरांचे दवाखाने यांची परिस्थिती परदेशी पुस्तकांतल्या सल्ल्यांहून वेगळी. म्हणून हा लेख मुद्दाम वऱ्हाडातल्या घरांसाठी.

या लेखातलं बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, वजनकाटा मात्र आणा. स्वयंपाकघरात वापरतात तो, एकेक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा. त्यावर एखादा प्लॅस्टिकचा डबा किंवा टोपलं ठेवून आकडा शून्यावर आणायचा, मग प्राणी आत ठेवायचा. समोर सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, एक काडी धरली की तो आकडा स्थिर होईपर्यंत बसतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळची भाजी देण्याआधी वजन करायचं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकटीत लिहायचं. मोबाइलमध्ये नोंद केली तरी हरकत नाही, पण भिंतीवरचा आकडा घरातल्या सगळ्यांना दिसतो आणि घट कोणाच्या ना कोणाच्या लक्षात येते.

पूर्ण वाढलेल्या मादीचं वजन साधारण 700 ते 900 ग्रॅम आणि नराचं 900 ते 1200 ग्रॅम असतं. पण तुमच्या प्राण्यासाठी खरा आकडा त्याचा स्वतःचाच. पोट भरलेलं असताना आणि रिकामं असताना वीस-तीस ग्रॅमचा फरक पडतोच, त्याची धास्ती नको. वजन नेहमीच्या आकड्यापेक्षा पाच टक्क्यांनी उतरलं, तर रोज वजन करायला लागा आणि पुढे सांगितलेली तपासणी घरी करा. दहा टक्के उतरलं, तर त्याच दिवशी डॉक्टर. 900 ग्रॅमच्या प्राण्यातून 90 ग्रॅम जाणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं वजन सहा किलोंनी उतरणं. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर हिशोब वेगळा: त्याचं वजन वाढत राहायला हवं, ते नुसतं थांबलं तरी काळजीची गोष्ट आहे.

आता मुख्य प्रश्न. तो खायला पुढेच येत नाही, की येतो पण खाऊ शकत नाही, की पोटभर खातो आणि तरी वाळतो? डॉक्टर सगळ्यात आधी हेच विचारतील आणि याचं उत्तर फक्त तुमच्याकडे आहे. त्यासाठी अर्धा तास पिंजऱ्यासमोर नुसतं बसा. मोबाइल बाजूला ठेवा. भाजी टाकली की तो पळत येतो का, तोंडात घेतलेलं पान आत जातं की खाली गळतं, गवताला तोंड लावतो की फक्त काकडी-गाजर शोधतो, दुसरा गिनी पिग असेल तर तो याला हुसकावतो का. वाटी रिकामी झाली म्हणजे त्याने खाल्लं, हे गृहीत धरणं ही नेहमीची गफलत. दोघांत एक दांडगट असेल तर वाटी रोज रिकामी होते आणि एकटा वाळत जातो. असं दिसलं तर दोन वाट्या, दोन बाटल्या आणि गवताचे दोन ढीग लांब-लांब ठेवा. आठवडाभरात वजनाने दिशा बदलली तर उत्तर तिथेच सापडलं.

आहाराची गोष्ट जरा मागे जाऊन सांगावी लागेल. 1907 साली नॉर्वेमध्ये अ‍ॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रॉलिख हे दोघे संशोधक जहाजावरच्या खलाशांच्या आजारावर काम करत होते. त्यांनी गिनी पिगना नुसतं धान्य आणि पाव यांवर ठेवलं. प्राणी वाळले, हिरड्यांतून रक्त आलं, दात हलायला लागले, हाडं ठिसूळ झाली. खलाशांना होणारा स्कर्व्ही प्रयोगशाळेत डोळ्यांसमोर उभा राहिला आणि ताजी कोबी किंवा लिंबाचा रस दिला की तो टळत होता. कारण पुढे कळलं: गिनी पिगचं शरीर माणसासारखंच क जीवनसत्त्व स्वतः बनवू शकत नाही, त्यासाठी लागणारं एक विकर त्याच्या यकृतात नसतं. कुत्रा, मांजर, गाय, शेळी यांना ही अडचण नाही. म्हणून इतर जनावरं सांभाळण्याचा अनुभव इथे दगा देतो.

आपल्या घरात गिनी पिगला पोळीचा तुकडा, भिजवलेले चणे, ज्वारी, बिस्कीट आणि अधूनमधून काकडी यांवर ठेवतात, तेव्हा होल्स्ट-फ्रॉलिख यांचा प्रयोग आपण नकळत पुन्हा करत असतो. क जीवनसत्त्व पूर्ण बंद झालं तर दोन-तीन आठवड्यांत लक्षणं दिसू लागतात. चालताना लंगडणं, सांधे सुजणं, उचललं की कण्हणं, केस विस्कटलेले, तोंड दुखत असल्याने खाणं कमी, आणि वजन खाली. रोजची गरज दर किलो वजनामागे किमान 10 मिलिग्रॅम. पिल्लं, गाभण मादी आणि आजारी प्राणी यांना 30 मिलिग्रॅमपर्यंत. ही गरज भागवणं आपल्याकडे मुळीच अवघड नाही. मध्यम आकाराच्या ढोबळी मिरचीचा पाव भाग एका प्राण्याच्या दिवसाला पुरतो. हिवाळ्यात आवळा असतो, त्याचा नखाएवढा काप भरपूर झाला, तुरट म्हणून न खाणाऱ्याला पानात गुंडाळून द्यावा. जांब, म्हणजे पेरू, छोटी फोड. शेवग्याचा कोवळा पाला थोडा द्यावा, रोज नको, त्यात कॅल्शियम जास्त. वरुड-मोर्शीची संत्री घरात असणारच, पण ती आठवड्यातून एक-दोन फोडींपुरतीच. त्यात साखर असते आणि आधीच तोंड सोललेलं असेल तर आंबटपणा झोंबतो. पालक, चुका, घोळ या भाज्या रोज देऊ नयेत. कांदा, लसूण, बटाट्याचा आणि टमाट्याचा पाला अजिबात नाही.

क जीवनसत्त्वाचे थेंब पाण्याच्या बाटलीत टाकण्याची पद्धत मला मान्य नाही. उजेडात आणि पाण्यात ते लवकर नष्ट होतं, पाण्याची चव बदलते आणि प्राणी पाणी पिणंच कमी करतो. थेंब द्यायचे तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, सुईविना सिरिंजने, थेट तोंडात. गिनी पिगसाठी म्हणून मिळणाऱ्या पेलेटमध्ये क जीवनसत्त्व घातलेलं असतं खरं, पण तयार झाल्यापासून साधारण तीन महिन्यांत त्याचा जोर कमी होतो. दुकानात गोणीतून सुट्टे मिळणारे पेलेट किती जुने आहेत, हे कोण सांगणार? सशाच्या पेलेटमध्ये तर ते घालतच नाहीत, कारण सशाला त्याची गरज नसते.

पण ढोबळी मिरची, आवळा हे सगळं ताटाच्या कडेचं. ताटाचा मुख्य भाग म्हणजे सुकं गवत. ते कमी पडलं की आधी आतडं मंदावतं आणि मग दात वाढतात. परदेशी टिमोथी गवत ऑनलाइन मिळतं, महाग पडतं. आपल्याकडे सावलीत सुकवलेली हरळी आणि मारवेल ही दोन्ही गवतं चांगली चालतात. लसूणघास जनावरांच्या बाजारात सहज मिळतो, पण त्यात कॅल्शियम फार. वाढत्या पिल्लाला आणि गाभण मादीला तो योग्य, मोठ्या प्राण्याला रोज दिला तर मूत्राशयात खडे होण्याचा धोका. कुसळी गवताची टोकं हिरड्यांत आणि जिभेखाली रुततात, तिथे जखम होते आणि प्राणी खाणं सोडतो. ते वेचून टाका. तुरीचं आणि सोयाबीनचं कुटार बैलाच्या दावणीला ठीक आहे, गिनी पिगच्या तोंडाला नाही. ज्वारीचे कोवळे धांडे कधीच देऊ नयेत, त्यांत सायनाइड तयार होतं आणि त्याने मोठी जनावरंही मरतात. सरकी आणि सरकीची ढेप हा आपल्या कापसाच्या मुलखातला विशेष धोका: त्यातलं गॉसिपॉल नावाचं द्रव्य गाई-म्हशी बऱ्यापैकी पचवतात, गिनी पिग पचवू शकत नाही. थोडं-थोडं दिलं तरी भूक मरत जाते आणि वजन उतरतं. घरी गाय असेल आणि मुलं तिच्या टोपल्यातलं मूठभर याला देत असतील तर आधी ते बंद करा.

गवत कुठून आणता, हेही महत्त्वाचं. पावसाळ्यात वावराच्या धुऱ्यावर हिरवंगार गवत दिसतं, पण जुलै ते ऑक्टोबर कपाशीवर फवारण्या चालू असतात आणि औषध धुऱ्यापर्यंत उडतं. रस्त्याच्या कडेच्या गवतात गाजरगवत मिसळलेलं असतं, तेही विषारी. ज्या जागेवर फवारणी झालेली नाही हे खात्रीने माहीत आहे तिथलंच आणावं. पावसाळ्यात आणखी एक शत्रू म्हणजे बुरशी. गोणीत दाबून ठेवलेलं गवत, ओलसर खोलीतले पेलेट, मक्याचे किंवा शेंगदाण्याचे दाणे यांवर वाढणाऱ्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन असतं आणि ते यकृतावर घाव घालतं. कुबट वास आला की ‘थोडंच तर आहे’ म्हणू नका, सगळं फेकून द्या.

आहार नीट आहे आणि प्राणी खायला धावतोही, पण तोंडात घेऊन सोडून देतो. अशा वेळी पहिला संशय दाढांचा. मी तर म्हणेन, कारण न सापडलेल्या प्रत्येक घटीत दाढा तपासल्या गेल्या का हे आधी विचारावं. गिनी पिगला वीस दात असतात. पुढचे चार पटाशीचे, उरलेल्या सोळा दाढा. सगळे आयुष्यभर वाढत राहतात. गवताचं घासून-घासून चर्वण झालं तरच त्यांची उंची आटोक्यात राहते. झिजणं थांबलं की खालच्या दाढा आत, जिभेच्या दिशेने वाढतात. दोन्ही बाजूंनी वाढून त्या जिभेवर कमान धरतात आणि जीभ खाली अडकते. वरच्या दाढा बाहेर, गालाकडे वाढून गाल कापतात. प्राण्याला भूक असते, अन्न समोर असतं आणि गिळता येत नाही. हनुवटीखालचे केस लाळेने ओले, डोळ्यातून पाणी, टणक गाजर सोडून काकडीच्या मऊ भागाकडे कल, एका बाजूने चावणं, लेंड्या लहान होत जाणं, या खुणा ओळखा.

घरी ओठ बाजूला करून पाहिलं तर पटाशीचे दात सरळ दिसतात आणि आपण निश्चिंत होतो. ती निश्चिंती फसवी आहे. या प्राण्याचं तोंड इतकं अरुंद, गाल आत इतके दुमडलेले की दाढा बाहेरून दिसतच नाहीत. त्यासाठी डॉक्टरांकडे कान तपासायचा दिवा किंवा तोंड उघडून धरायचं छोटं साधन लागतं, कधी गुंगी देऊन पाहावं लागतं, मुळं तपासायला कवटीचा एक्स-रे लागतो. ‘दात ठीक आहेत’ असं उत्तर मिळालं तर आदराने एवढंच विचारा, ‘डॉक्टरसाहेब, मागच्या दाढा दिसल्या का?’ पटाशीचे दात वाढलेले दिसले तरी ते घरी नेलकटरने कापू नका. दात उभा चिरतो आणि मुळापर्यंत पू होतो. शिवाय पुढचे दात वाढण्याचं मूळ बहुतेकदा मागे दाढांतच असतं.

पाण्याबद्दल आपल्या भागात वेगळं लिहावं लागतं. अमरावती शहराला अप्पर वर्धा धरणाचं आणि अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचं पाणी येतं. पण दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. तिथलं बोअरचं पाणी क्षारांनी भरलेलं. शहरातही नळ रोज येत नाही तिथे बोअरवर भागवावं लागतं. अशा पाण्याने बाटलीच्या नळीतल्या गोळीवर पांढरा थर बसतो, गोळी अडकते, बाटली भरलेली दिसते आणि प्राण्याला थेंब मिळत नाही. पाणी बंद झालं की गिनी पिग सुकं गवत खाणं सोडतो, आणि आपण आजार शोधत बसतो. म्हणून रोज सकाळी नळीला बोट लावून थेंब येतो का पाहा, आठवड्यातून एकदा नळी व्हिनेगरमध्ये भिजवून घासा, स्वच्छ धुवा. जे पाणी तुम्ही स्वतः पिता तेच त्याला द्या. दिवसाला दर शंभर ग्रॅम वजनामागे साधारण 10 मिलिलिटर पाणी तो पितो. पालेभाजी भरपूर असेल तर कमी. बाटलीवर मार्करने रेघ मारून ठेवली की रोजचा अंदाज येतो.

उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो त्या दिवसांत तर वजन घटण्यासाठी आजाराचीही गरज नसते. या प्राण्याला 18 ते 24 अंश मानवतं. 28-29 च्या वर त्याला त्रास सुरू होतो आणि त्याच्याकडे घाम गाळण्याची सोय नाही. तो खाणं कमी करतो, दिवसभर लांब पसरून पडून राहतो. एप्रिल-मेमध्ये त्याची जागा घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, जमिनीवर. गच्चीखालच्या खोलीत किंवा बाल्कनीत नाही. बसायला शहाबादी फरशीचा तुकडा, शेजारी कापडात गुंडाळलेली गोठवलेली पाण्याची बाटली, पिण्याचं पाणी दिवसातून दोन-तीनदा बदललेलं. कूलर चालू असावा पण त्याचा झोत थेट पिंजऱ्यावर नको. गवत आणि भाजी भल्या सकाळी आणि रात्री उशिरा द्या, तेव्हाच तो खाईल. तोंड उघडून धापा टाकत असेल, लाळ गळत असेल, अंग लुळं पडलं असेल तर तो उष्माघात आहे. कान आणि पाय साध्या पाण्याने ओले करा, बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, आणि लगेच निघा.

लेंड्या आणि लघवी यांकडे बघायला कंटाळू नका. पिंजऱ्यात एक दिवस पांढरं कापड अंथरा. निरोगी लेंड्या लांबट, एकसारख्या, कोरड्या आणि भरपूर असतात. लहान, थेंबासारख्या टोकदार, एकमेकींना चिकटलेल्या किंवा अगदीच थोड्या लेंड्या म्हणजे पोटात पुरेसं जात नाही. दुकानातून नुकत्याच आणलेल्या पिल्लाला जुलाब होऊन वजन घटत असेल तर ताजी लेंडी स्वच्छ डबीत घालून तपासायला न्या. आतड्यातले परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. लघवी थोडी पांढुरकी असणं चालतं. रक्त, वाळूसारखा गाळ किंवा लघवी करताना पाठ वाकवून ओरडणं, यावर एक्स-रे काढून खडा आहे का ते पाहावंच लागतं.

अंगही चाचपून पाहा. गळ्याखाली, जबड्याखाली गाठ लागते का. अंगावर खपल्या, खाजवून-खाजवून पडलेल्या जखमा आहेत का. खरजेचे किडे गिनी पिगला इतके छळतात की खाजेने झटके येतात आणि तो खाणंपिणं विसरतो. याचं औषध सोपं आहे, मात्रा मात्र सोपी नाही. जनावरांना द्यायचं इंजेक्शन अंदाजाने टोचलं तर एवढ्याशा जिवाला ते जास्त होतं. मादीच्या दोन्ही कुशींवरचे केस सारखे विरळ होत असतील, पोट फुगलेलं आणि पाठ मात्र हाडकुळी असेल तर अंडाशयातल्या गाठींचा विचार करतात आणि सोनोग्राफीने खात्री होते. नाकातून पाणी, श्वासाबरोबर खरखर म्हणजे फुप्फुसं. घरात कुत्रा किंवा ससा असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, कारण न्यूमोनियाचा एक जंतू ते स्वतः आजारी न पडता बाळगतात.

खातो भरपूर, चपळही दिसतो, तरी वाळतो, असा प्राणी तीन-चार वर्षांहून मोठा असेल तर थायरॉइड वाढल्याची शक्यता असते. रक्त तपासून कळतं आणि गोळ्यांनी आटोक्यात येतं. फार पाणी पिणं आणि फार लघवी हे जोडीला असेल तर मूत्रपिंड आणि साखर. वयस्क प्राण्यात गाठी आणि हृदयाचे आजारही असतात. गिनी पिग साधारण पाच ते आठ वर्षं जगतो, तेव्हा पाच वर्षांच्या प्राण्याच्या बाबतीत हे सगळे प्रश्न रास्त आहेत.

आता सगळ्यात कळकळीने सांगायचं ते. औषधाच्या दुकानातून स्वतःहून अँटिबायोटिक आणू नका. पेनिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, अ‍ॅमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन, एरिथ्रोमायसिन ही माणसाला नेहमी दिली जाणारी औषधं गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारून टाकतात, मागे विषारी जंतू माजतात आणि प्राणी दोन-चार दिवसांत दगावतो. घरात मुलासाठी आणलेल्या सिरपचे दोन थेंब मायेने दिले जातात आणि त्यानेच घात होतो. डॉक्टर प्रामुख्याने गाई-म्हशी आणि कुत्री पाहणारे असतील तर चिठ्ठी लिहिताना विचारायला संकोच करू नका, ‘हे गिनी पिगला चालतं ना?’ चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. बारा तास तोंडात काही गेलं नाही किंवा लेंडी पडली नाही, तर ती आणीबाणी समजा. याचं आतडं सतत भरलेलं राहण्यासाठी घडलेलं आहे. ते थांबलं की वायू धरतो, यकृतावर चरबी साचते आणि मूळ आजार किरकोळ असला तरी प्राणी हातचा जातो. ‘उद्या बघू’ इथे चालत नाही. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत पेलेट कोमट पाण्यात भिजवून, मिक्सरमधून अगदी मऊ करून सुईविना सिरिंजने भरवता येतात. टॉवेलमध्ये सैल गुंडाळा, मांडीवर सरळ बसवा, सिरिंज ओठाच्या कडेने पटाशीच्या दातांच्या मागे सरकवा, अर्धा-एक मिलिलिटर सोडा, त्याने चावून गिळलं की पुढचं. उताणा करून भरवू नका, श्वासनलिकेत जातं. दिवसाला दर किलो वजनामागे 50 ते 80 मिलिलिटर, चार-सहा वेळांत विभागून. पण पोट ढोलासारखं ताठ फुगलं असेल तर भरवू नका, आधी दवाखाना गाठा.

अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. शिकवण्याबरोबर तिथे जनावरांवर उपचारही होतात. अमरावतीत जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आणि खासगी दवाखाने आहेत. कुठेही जाण्याआधी फोन करून लहान प्राणी पाहणारे डॉक्टर कोणत्या वेळी असतात आणि एक्स-रेची सोय चालू आहे का, एवढं विचारून घ्या. अमरावतीहून अकोला किंवा नागपूर गाठायचं तर उन्हाळ्यात पहाटेच निघा. डब्यात गवत, काकडीचे काप आणि त्याच्या अंथरुणातलं एखादं वास असलेलं कापड ठेवा. जोडीदार असेल तर त्यालाही सोबत न्या, एकट्या पडलेल्या गिनी पिगचं खाणं आणखी कमी होतं. भूल द्यायची असेल तर कुत्र्या-मांजरासारखं रात्रभर उपाशी ठेवायचं का, हे विचारा. गिनी पिगला उलटी होत नाही आणि उपास त्याला घातक असतो, त्यामुळे त्याचं खाणं शक्यतो तोडत नाहीत. सोबत कॅलेंडरवरच्या वजनांचा मोबाइलने काढलेला फोटो, काय-काय खातो याची खरी यादी (मुलं चोरून देतात त्या बिस्किटासकट), आदल्या दिवशीच्या लेंड्यांची डबी आणि खाताना काढलेला मिनिटभराचा व्हिडिओ न्या. दवाखान्यात घाबरून तो खाणार नाही, तेव्हा तो व्हिडिओच डॉक्टरांचे डोळे होतो.

उपचार सुरू झाल्यावर वजन लगेच चढत नाही. पहिले काही दिवस ते स्थिर राहिलं तरी औषध लागू पडतंय असं समजा. दाढा घासून दिल्या असतील तर तोंड दुखतं, दोन-चार दिवस हाताने भरवावंच लागतं, आणि पुष्कळ प्राण्यांत काही आठवड्यांनी दाढा पुन्हा घासाव्या लागतात, याची पैशाची आणि मनाची तयारी आधीच ठेवा. हाताने भरवणं एकदम तोडू नका. लेंड्या पूर्वीसारख्या लांबट आणि भरपूर झाल्या, गवताचा ढीग रात्रीतून उतरायला लागला, की एकेक वेळ कमी करत न्या. या काळात वजन रोज सकाळी करा आणि एकदम वीस-तीस ग्रॅम खाली आलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा.